गोवर : पुरळापूर्वीचे चार दिवस



अंगावर पुरळ उठले की मुलाला घरी ठेवावयाचे, दारी कडुनिंबाची डहाळी लावावयाची, ही आपली जुनी रीत. मुलाला वेगळे ठेवणे योग्यच. पण तोवर उशीर झालेला असतो. पुरळ उमटण्यापूर्वी चार दिवसांपासूनच गोवर इतरांस लागू शकतो. त्या वेळी दिसतात ती केवळ ताप, खोकला, वाहते नाक व लाल डोळे ही लक्षणे. आपण त्याला सर्दी म्हणतो आणि मुलाला शाळेत धाडतो. ते वर्गातून निघून गेल्यावरही विषाणू हवेत दोन तासांपर्यंत टिकून राहतो.

१८४६ साली फेरो बेटांवर गोवराची साथ आली. सुमारे ७,८०० रहिवाशांपैकी ६,००० हून अधिक आजारी पडले. पानुम या तरुण डॅनिश वैद्याला मात्र असे आढळले, की १७८१ च्या साथीत गोवर येऊन गेलेल्या वृद्धांना तो पुन्हा झाला नाही. तीच प्रतिकारशक्ती आज लस देते, तीही रोग न भोगता.

पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. न्यूमोनिया आणि अंधत्व आणू शकणारा हा रोग क्षुल्लक नव्हे. शंभरांपैकी पंचाण्णव मुलांना दोन्ही मात्रा मिळाल्या, तर लस घेण्याच्या वयाला न पोहोचलेले शेजारचे तान्हे मूलही सुरक्षित राहते. आपल्या मुलाची लस ही अशी शेजारधर्माचीही गोष्ट आहे.