बातमीचें मोल कोण देणार?

अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या सुशिक्षित कुटुंबांत महिन्याच्या आरंभीं दोन देणीं चुकतीं केलीं जातात. एक वर्तमानपत्र टाकणाऱ्याचें आणि दुसरें मोबाईलच्या रिचार्जचें. पहिलें देतांना खाडे मोजले जातात व तेवढे पैसे कापून घेतले जातात. दुसरें मुकाट्यानें दिलें जातें. या दोहोंच्या मध्यें एक तिसरें देणें उभें आहे, परंतु तें बहुतेक घरांतून कोणीच देत नाहीं. तें म्हणजे मोबाईलच्या पडद्यावर दिवसभर वाचल्या जाणाऱ्या बातमीचें. हें देणें वाचक कधीं देईल काय आणि न दिल्यास त्याचा परिणाम काय होईल, हा प्रश्न आज साऱ्या जगांतील वर्तमानपत्रांपुढें आहे. वऱ्हाडापुढें तो अधिक निकडीचा आहे. कारण मुंबईची किंवा दिल्लीची बातमी देणारे पुष्कळ आहेत, अकोल्याची बातमी देणारे थोडे.

बातमीसाठीं पैसे मोजण्याची सवय मराठी वाचकाला सहजासहजीं लागलेली नाहीं. बाळशास्त्री जांभेकरांचें 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजीं निघालें आणि १८४० मध्यें बंद पडलें. वऱ्हाडांत पुढें अकोल्याहून 'वऱ्हाड समाचार' निघालें, अमरावतीहून बामणगांवकरांचें 'उदय' निघालें, ब्रिजलाल बियाणी यांनीं अकोल्यास 'मातृभूमि' चालविलें. शेजारच्या यवतमाळांत लोकनायक बापूजी अणे यांनीं १९१८ सालीं 'लोकमत' साप्ताहिक सुरू केलें. त्या काळच्या नियतकालिकांतून थकलेल्या वर्गणीबद्दलच्या विनंत्या वारंवार आढळतात, व्ही. पी. परत करणारा वर्गणीदार हा तर संपादकांच्या नित्याच्या दुःखाचा विषय होता. तथापि त्या थकबाकींतही एक गोष्ट गृहीत धरलेली होती : पत्र वाचलें म्हणजे वर्गणी देणें लागतें. महात्मा गांधींनीं तर 'यंग इंडिया' व 'नवजीवन' या पत्रांत जाहिराती घेतल्याच नाहींत. पत्राचा खर्च वाचकानें उचलावा, तो उचलीत नसेल तर त्याला पत्र नकोसें झालें आहे असें समजावें, ही त्यामागील भूमिका होती.

पुढें दैनिकांचा व्याप वाढला व ही रीति पालटली. अंकाची किंमत कागद, शाई आणि छपाई यांच्या खर्चाहूनही कमी ठेवावयाची आणि तूट जाहिरातींनीं भरून काढावयाची, असा व्यवहार रूढ झाला. कूपनें चिकटवून वर्षअखेर भेटवस्तू देण्याच्या योजना निघाल्या. शिवाय महिन्याची रद्दी विकून कांहीं पैसे घरांत परत येत, ते निराळेच. तेव्हां वाचक बातमीचे पैसे देत होता, हें म्हणणें अर्धेंच खरें आहे. त्यानें दिलेले पैसे बव्हंशीं कागदाचे होते. बातमीचे पैसे जाहिरातदार देत होता. पडद्यावरील बातमीला कागद नाहीं, रद्दी नाहीं आणि भेटवस्तूही नाहीं. उरते ती केवळ बातमी, आणि तिचें निराळें मोल द्यावयाचें असतें हें वाचकाला कोणी कधीं शिकविलेंच नव्हतें.

सप्टेंबर २०१६ मध्यें जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेट अतिशय स्वस्त झालें. खेड्यापाड्यांतील तरुणाच्या हातांतही बातम्या विनामूल्य येऊं लागल्या. वर्तमानपत्रांनींही आपला मजकूर खुला ठेवला. वाचक वाढले म्हणजे जाहिराती मागोमाग येतील असा हिशेब होता. वाचक वाढले, पण इंटरनेटवरील जाहिरातींचा मोठा वांटा गुगल व फेसबुक यांच्याकडे गेला. तिकडे कागदाचा खर्च वाढत होता. २०१९ च्या अर्थसंकल्पांत वृत्तपत्रीय कागदावर दहा टक्के आयातकर बसला, तो २०२० मध्यें पांच टक्क्यांवर आणला गेला. त्याच वर्षीं कोरोनाची टाळेबंदी आली आणि एप्रिलमध्यें महाराष्ट्रांत घरोघर अंक टाकण्यावरही कांहीं काळ बंदी होती. तेव्हां अंकाच्या पानांच्या प्रति व्हॉट्सअॅपवरून घरोघर फिरूं लागल्या. ज्या घरांत पूर्वीं महिन्याचें बिल दिलें जात होतें, त्या घरालाही संपूर्ण अंक फुकट मिळण्याची संवय लागली.

परदेशांत या प्रश्नाचीं उत्तरें भिन्नभिन्न आलीं आहेत. 'न्यूयॉर्क टाइम्स'नें मार्च २०११ मध्यें ठराविक लेखांनंतर पैसे आकारण्यास आरंभ केला आणि आज त्याचे वर्गणीदार लक्षावधि आहेत. लंडनच्या 'गार्डियन'नें मजकूर खुला ठेवून वाचकांकडे ऐच्छिक साहाय्य मागितलें. ऑक्सफर्ड येथील रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या २०२४ च्या पाहणीप्रमाणें वीस संपन्न देशांत इंटरनेटवरील बातमीसाठीं पैसे देणारे सरासरी शेंकडा सतराच आहेत. ब्रिटनमध्यें हें प्रमाण शेंकडा आठ, तर नॉर्वेमध्यें शेंकडा चाळीस आहे. हिंदुस्थानांतही 'न्यूजलाँड्री' व 'द केन' यांनीं वर्गणीचाच मार्ग धरला. 'द हिंदु'नें २०१९ मध्यें आपल्या संकेतस्थळावर वर्गणी सुरू केली. मात्र हे सारे प्रयत्न मुख्यत्वें इंग्रजी वाचकांसाठीं आहेत.

यांत नॉर्वेचें उदाहरण वऱ्हाडानें विशेष लक्षांत घेण्याजोगें आहे. तो देश श्रीमंत आहे, वृत्तपत्रांना तेथें सरकारी साहाय्यही मिळतें. हीं दोन्ही कारणें सोडून देतां येत नाहींत. परंतु तेथील वर्गणीदारांत लहान गांवांच्या लहान पत्रांचे वर्गणीदार पुष्कळ आहेत. गांवच्या शाळेचें काय झालें, रस्ता कोणत्या बाजूनें जाणार, नगरसभेंत कोणीं काय मत दिलें, हें त्यांना अन्यत्र मिळत नाहीं, म्हणून ते पैसे देतात. जी बातमी दहा ठिकाणीं मिळते तिच्यासाठीं कोणी खिशांत हात घालीत नाहीं; जी एकाच ठिकाणीं मिळते तिच्यासाठीं घालण्याचा संभव असतो.

अशी बातमी वऱ्हाडांत थोडी नाहीं. अकोल्याच्या बाजारांत कापसाला आज काय भाव निघाला व तो कां उतरला. वरुड-मोर्शीच्या संत्र्यांच्या बागांत फळगळ कशानें झाली. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत पिण्याच्या पाण्याची योजना कोठें अडली. मेळघाटांतील आरोग्यकेंद्रांत डॉक्टर हजर आहे कीं नाहीं. महानगरपालिकेनें मालमत्ताकर कोणत्या हिशेबानें वाढविला. २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें विदर्भांतील कपाशीचें अतोनात नुकसान केलें. अशा वेळीं शेतांत जाऊन बोंड फोडून पाहणारा, कृषिविद्यापीठांतील तज्ज्ञांना विचारणारा आणि नुकसानभरपाईच्या याद्या तपासणारा वार्ताहर लागतो. पाठविलेला मजकूर पुढें ढकलणारे हजारों असूं शकतात. पण त्या मजकुराच्या मुळाशीं कोणीतरी एक मनुष्य प्रत्यक्ष गेलेला असावा लागतो. त्याचा एस. टी.चा खर्च, त्याचा दिवस आणि त्याची निर्भयता यांची किंमत द्यावी लागते.

ती आज कोण देतो, हाच खरा प्रश्न आहे. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन अल्प असतें, आणि पुष्कळ ठिकाणीं जाहिराती मिळविण्याचें कामही त्याच्याच गळ्यांत असतें. ज्याच्याविरुद्ध लिहावयाचें त्याच्याच वाढदिवसाची जाहिरात मागावयाची, अशी त्याची कुचंबणा होते. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकींत पैसे घेऊन छापलेल्या प्रचाराला बातमीचें रूप दिल्याचा प्रकार उघडकीस आला. भारतीय वृत्तपत्र परिषदेला २०१० मध्यें त्याबद्दल अहवाल द्यावा लागला. वाचकानें मोल दिलें नाहीं म्हणून बातमीचें मोल कोणीच दिलें नाहीं, असें होत नाहीं. तें उमेदवार देतो, कंत्राटदार देतो, शिक्षणसंस्थेचा चालक देतो. आणि जो देतो त्याच्याकडे पत्राचें तोंड वळतें.

यावर एक आक्षेप रास्त आहे. बातमीला कुंपण घातलें तर ज्याला तिची सर्वांत अधिक गरज, तो कोरडवाहू कास्तकार बाहेर राहील. म्हणून पूर, रोगराई, बाजारभाव व सरकारी योजनांच्या मुदती हा मजकूर सर्वांना खुला असावा. शोध घेऊन लिहिलेल्या मजकुरासाठीं वर्गणी असावी. वाचनालयांनींही एक वर्गणी भरून अनेकांना वाचावयास द्यावें. अकोल्याच्या बाबूजी देशमुख वाचनालयासारख्या संस्थांचें कार्यच मुळीं एकाच्या खर्चांत अनेकांचें वाचन व्हावें असें आहे. कागदाच्या अंकाला जो न्याय, तोच पडद्यावरील अंकाला लावण्यास हरकत नसावी.

आतां हिशेब पाहावा. २०११ च्या जनगणनेंत अमरावती शहराची वस्ती सुमारें साडेसहा लाख व अकोल्याची सव्वाचार लाख होती. पांच माणसांचें एक कुटुंब धरलें तरी दोन लाखांहून अधिक कुटुंबें होतात. त्यांपैकीं शेंकडा एकानें, म्हणजे दोन हजार घरांनीं, महिन्याला पन्नास रुपये दिले तर एक लाख रुपये जमतात. तेवढ्यांत मोठें दैनिक चालणार नाहीं. परंतु जाहिरात मागावयास न जाणारे तीन-चार वार्ताहर खचित पोसतां येतील. बहुसंख्य वाचक पैसे देणार नाहींत, हें जगाच्या अनुभवावरून जवळजवळ निश्चित आहे. पण सर्वांनीं देण्याची आवश्यकताही नाहीं.

मात्र वर्गणी मागणाऱ्या पत्रानेंही कांहीं अटी पाळल्या पाहिजेत. जाहिरात ती जाहिरात म्हणूनच छापावी, चूक झाल्यास ठळकपणें दुरुस्त करावी, आणि जमलेली वर्गणी कोणत्या कामीं लागली याचा हिशेब वर्षांतून एकदां वाचकांपुढें ठेवावा. मुंबईच्या बातम्यांची उसनवारी करून तिच्यासाठीं पैसे मागणारें पत्र वाचकानें नाकारलें तर दोष वाचकाचा नाहीं. पण ज्या पत्राच्या वार्ताहरानें खारपाणपट्ट्यांत जाऊन पाणी चाखून पाहिलें, त्याचा मजकूर वाचून झाल्यावर पन्नास रुपये देण्यास हात आंखडणाऱ्या घरानें, पुढच्या निवडणुकींत आपल्या हातीं पडणारी बातमी कोणाच्या पैशानें लिहिली गेली, ही तक्रार करण्याचा आपला अधिकार कितपत उरला, याचा विचार करावा.