शाल पांघरलेला अनुबिस

नोव्हेंबर १९२२ मध्ये इजिप्तच्या 'राजांच्या खोऱ्यात' पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरला तुतनखामेन राजाची कबर सापडली. तिथला सोन्याचा मुखवटा आपण सगळ्यांनी चित्रात पाहिला आहे. पण मला त्याहून मोलाची वाटतात ती हॅरी बर्टनची छायाचित्रं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाचा हा छायाचित्रकार कार्टरच्या मदतीला आला आणि जवळचीच एक कबर त्याची डार्करूम झाली.

नियम कडक होता. फोटो निघाल्याशिवाय वस्तू जागची हलवायची नाही. प्रत्येक वस्तूला क्रमांक, आणि फोटोत त्या क्रमांकाचं छोटं कार्ड. ही कार्डं सुरुवातीला डोळ्यांना खुपतात. तरी त्यांच्यावरून नजर काढू नका. कोणती वस्तू कशाला टेकून होती, कशाखाली दबली होती, हे त्यांच्यामुळेच कळतं. वस्तू उचलली की ही मांडणी कायमची मोडते.

आता क्रमांक २६१ पाहा. कार्टर ज्या खोलीला 'खजिना' म्हणे, तिच्या दारातच कोल्ह्याच्या रूपातला अनुबिस देव सोनेरी पेटीवर बसला आहे. पेटीला वाहून नेण्याच्या दांड्या आहेत. बर्टनच्या पहिल्या फोटोत देवाच्या अंगावर तागाचं वस्त्र आहे, गळ्यात पातळ उपरणं आणि निळ्या कमळांची माळ. मूर्तीला वस्त्र नेसवून हार घालणाऱ्या आपल्या माणसाला हा फोटो समजावून सांगावा लागत नाही. ते वस्त्रही साधं नव्हे. त्यावर शाईनं अखेनातेन राजाच्या कारकिर्दीच्या सातव्या वर्षाची नोंद आहे.

दुसऱ्या फोटोत वस्त्र उतरवलेलं. इथे प्रकाशाकडे बघा. काळी मूर्ती, तीही अंधाऱ्या खोलीत. यापेक्षा अवघड विषय छायाचित्रकाराला कुठला मिळणार! तरीही पाठीची एकच लांब रेषा स्पष्ट उमटते, कान उभे, मान ताठ. कान सोन्यानं मढवलेले आणि नखं चांदीची आहेत, पण कृष्णधवल फोटोत आधी दिसतो तो घाट. संग्रहालयात सोन्यानं दिपलेल्या डोळ्यांना तो सहसा दिसत नाही.

कबर रिकामी करायला जवळजवळ दहा वर्षं लागली. कार्टरची मापं आणि रेखाटनं असलेली कार्डं, बर्टनच्या निगेटिव्हसह, ऑक्सफर्डच्या ग्रिफिथ इन्स्टिट्यूटमध्ये जपलेली आहेत आणि इंटरनेटवर कुणालाही बघता येतात. २६१ शोधा. दोन्ही फोटो शेजारी ठेवा, आणि वस्त्राचा फोटो आधी, सावकाश पाहा.