घरातील झाडे आणि घरातील हवा



शहरातील कोणत्याही रोपवाटिकेत आज पाऊल टाकले, तर गुलाब, मोगरा आणि जास्वंद यांच्या पलीकडे सावलीत मांडलेली आणखी एक रांग दिसते. मनी प्लांट, स्नेक प्लांट, स्पायडर प्लांट, अरेका पाम, पीस लिली अशी मंडळी त्या रांगेत असतात आणि पुष्कळदा त्यांच्यापुढे ‘हवा शुद्ध करणारी झाडे’ अशी पाटी लावलेली असते. दोन खोल्यांच्या सदनिकेत राहणारे कुटुंब मोठ्या विश्वासाने त्यांतील दोन-तीन कुंड्या घरी नेते. एक दूरदर्शन संचाशेजारी ठेवली जाते, दुसरी निजण्याच्या खोलीत. त्या पाटीत तथ्य किती, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. विषय वरवर पाहता हौसेचा वाटतो. परंतु ज्या खोलीत तान्हे मूल निजते किंवा दम्याचा रुग्ण रात्र काढतो, त्या खोलीतील हवेचा प्रश्न हौसेचा नव्हे.

वनस्पती हवा शुद्ध करतात, ही कल्पना निराधार नाही. जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने 1771 साली एका बंद काचपात्रात मेणबत्ती विझेपर्यंत जळू दिली आणि मग त्याच हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली. काही दिवसांनी त्या हवेत मेणबत्ती पुन्हा जळू शकली. पुढे 1779 मध्ये यान इंगेनहाऊस यांनी दाखवून दिले, की ही किमया केवळ सूर्यप्रकाशात आणि केवळ हिरव्या भागांकडून घडते. अंधारात झाडेही आपल्याप्रमाणेच श्वसन करतात. रात्री झाडाखाली निजू नये, या आपल्याकडील समजुतीला येथूनच शास्त्राचा आधार दिला जातो. वस्तुतः कुंडीतील एखाद्या रोपाने रात्री सोडलेला कर्बवायू शेजारी झोपलेल्या माणसाच्या उच्छ्वासापुढे नगण्य असतो. तेव्हा त्याचे भय बाळगण्याचे कारण नाही. त्याचप्रमाणे स्नेक प्लांट रात्रीही कर्बवायू शोषून घेतो, हे खरे असले, तरी त्यावर फार मोठी आशा ठेवण्याचेही कारण नाही. विश्रांती घेत असलेल्या प्रौढ माणसाला मिनिटाला सुमारे पाव लिटर प्राणवायू लागतो. दोन-चार कुंड्या ही गरज भागवतील, असा हिशेब कोठेच जुळत नाही.

आजच्या त्या पाटीचा उगम मात्र प्रीस्टलीपाशी नसून अंतराळ संशोधनात आहे. ‘स्कायलॅब’ हे नाव वडीलधाऱ्या मंडळींच्या स्मरणात असेल. जुलै 1979 मध्ये ही अमेरिकन प्रयोगशाळा पृथ्वीवर कोसळणार म्हणून केवढी घबराट उडाली होती! तिचे अवशेष अखेर हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. याच स्कायलॅबमध्ये अंतराळवीरांचे वास्तव्य असताना तेथील कोंडलेल्या हवेत शंभराहून अधिक रासायनिक वायू आढळले होते. प्लॅस्टिक, रंग, डिंक आणि उपकरणे यांतून ते निघत होते. या हवेचे करायचे काय, या प्रश्नाचा पाठपुरावा करीत बी. सी. वुल्व्हर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मिसिसिपी राज्यातील ‘नासा’च्या केंद्रात प्रयोग केले आणि 1989 साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. पारदर्शक, हवाबंद पेट्यांत एकेक रोप ठेवून आत बेन्झिन, फॉर्माल्डिहाइड आणि ट्रायक्लोरोएथिलिन हे वायू सोडण्यात आले. ठरावीक काळाने मोजणी केली असता त्यांचे प्रमाण घटलेले दिसले. रोपांना ही वार्ता लाभली आणि त्यांचा बाजार वाढला.

त्या अहवालातील एक गोष्ट मात्र वाटेत गळून पडली. वायू शोषण्याचे बरेचसे काम पानांपेक्षा मुळांभोवतीची माती व तीतील सूक्ष्म जीवाणू करतात, असे संशोधकांना दिसले होते. म्हणूनच त्यांनी पंख्याच्या साहाय्याने खोलीतील हवा कोळसामिश्रित मातीतून खेचून घेणारी कुंडीही तयार केली होती. आपल्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यातील कुंडीला असा पंखा नसतो. आणि आपले घर ही हवाबंद पेटी नसते. दारे-खिडक्या बंद असतानाही फटींतून हवा येत-जात राहते आणि दर तासाला घरातील हवेचा बराच भाग आपोआप बदलतो. या सहज घडणाऱ्या अदलाबदलीशी झाडाची तुलना केली, तर काय निष्पन्न होते? फिलाडेल्फिया येथील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या ब्रायन कमिंग्ज आणि मायकेल वॅरिंग यांनी 2019 मध्ये नेमका हाच हिशेब मांडला. पूर्वी झालेल्या बारा अभ्यासांतील 196 प्रयोगांचे निष्कर्ष त्यांनी एकाच मापात आणले. त्यांचे उत्तर असे, की साध्या वायुविजनाने जे काम होते, तेवढे काम झाडांकडून करून घ्यायचे, तर जमिनीच्या दर चौरस मीटरला 10 ते 1,000 रोपे लागतील. दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशा लहानशा खोलीसाठी अगदी कमीत कमी आकडा धरला, तरी नव्वदहून अधिक कुंड्या होतात. मग माणसांनी बसावे कोठे, हा प्रश्न उरतोच.

आपल्या जुन्या घरांची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तुळशीवृंदावन अंगणात असे. केळ, कर्दळ आणि अळू परसात, न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढत. झाडे घराभोवती असत, घरात नसत. हवेची व्यवस्था वाड्याचा चौक, भिंतीतील झरोके आणि कौलांच्या फटी यांच्याकडे होती. अर्थात या आठवणीने फार हुरळून जाण्यात अर्थ नाही. त्याच घरांच्या माजघरापलीकडील स्वयंपाकघरात भिंती काजळीने काळ्या झालेल्या असत आणि फुंकणीने चूल फुंकता फुंकता गृहिणीचे डोळे आणि छाती दोन्ही झिजत. घरातील हवेचा आपल्या देशातील खरा इतिहास हा त्या धुराचा इतिहास आहे. 1980 च्या दशकात निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेण्यात आला; 2016 मध्ये उज्ज्वला योजनेतून गॅसजोडण्या देण्यास प्रारंभ झाला. तरीही लाकूडफाटा आणि गोवऱ्या सर्वत्र मागे पडल्या आहेत, असे म्हणता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील अशा धुरामुळे 2020 या एका वर्षात जगभर सुमारे 32 लाख मृत्यू झाले. या धुरातील सूक्ष्म कणांपुढे स्पायडर प्लांटची कुंडी काय करणार?

चूल गेली, म्हणजे धूर गेला, असेही नाही. डास पळवण्यासाठी रात्रभर जळणारी कॉइल हे याचे ठळक उदाहरण होय. चीन व मलेशियातील कॉइलींची तपासणी करून 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की एक कॉइल पूर्ण जळताना 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते. बंद खोली, पेटती कॉइल, शेजारी निजलेले मूल आणि उशाशी ‘हवा शुद्ध करणारे’ झाड, असे दृश्य अनेक घरांत पाहावयास मिळते. येथे झाडाचा दोष काहीच नाही. त्याच्यावर टाकलेला भरवसा घातक ठरतो. मच्छरदाणी आणि खिडकीची जाळी ही त्या भरवशाला योग्य अशी साधने आहेत. फोडणी देताना एक्झॉस्ट पंखा चालू ठेवणे, नव्या रंगाचा किंवा प्लायवुडच्या नव्या कपाटाचा वास जाईपर्यंत समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवणे, देवापुढील उदबत्तीचा धूर बाहेर जाऊ देणे, या गोष्टींना खर्च जवळजवळ नाही. ज्यांची खिडकी वाहत्या रस्त्यावर उघडते, त्यांनी वर्दळ कमी असतानाची वेळ निवडावी किंवा मागच्या बाजूची खिडकी उघडावी.

मग झाडे लावूच नयेत काय? अवश्य लावावीत, मात्र कशासाठी, हे ओळखून लावावीत. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी रॉजर उलरिक यांनी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांच्या तुलनेत लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. हा अभ्यास 1984 मध्ये प्रसिद्ध झाला. ती झाडे खिडकीबाहेर होती, हे खरे. परंतु हिरवाईच्या नुसत्या दर्शनाने मनाला जो विसावा मिळतो, त्याची ती नोंद आहे.

शिवाय या पाहुण्यांची कुळकथा मनोरंजक आहे. ज्या मनी प्लांटला आपण अगदी घरचा समजतो, तो मूळचा पॅसिफिक महासागरातील मोओरेआ या लहानशा बेटावरचा. अरेका पाम मादागास्करचा. स्पायडर प्लांट आफ्रिकेतून आला, पण त्याचे भाऊबंद आपल्या डोंगरउतारांवर पावसाळ्यात उगवतात. त्याच कुळातील सफेद मुसळीच्या शास्त्रीय नावात चक्क आपल्या बोरिवलीचे नाव आहे! आणि मनी प्लांट, पीस लिली, डंब केन हे सारे अळूचे आणि सुरणाचे आप्त. अळू खाताना चिंच कमी पडली, की घसा का खवखवतो, हे कोणत्याही सुगरणीस ठाऊक असते. तीच खाज आणणारे सूक्ष्म स्फटिक या शोभेच्या पानांतही असतात. डंब केनचे पान चावल्यास तोंड व जीभ सुजते, गिळणे कठीण होते. तेव्हा रांगते मूल असलेल्या घरात ही कुंडी मुलाच्या हाती लागणार नाही, अशा जागी ठेवावी.

पानांवर धूळ साठते. तेवढी धूळ हवेतून कमी झाली, हे मान्य. परंतु ओल्या फडक्याने पाने पुसली नाहीत, तर तीच धूळ पुन्हा उडते आणि झाडालाही प्रकाश मिळत नाही. पाणी बेतानेच घालावे, कारण सतत ओली राहणारी माती बुरशीला आमंत्रण देते.

राहिला प्रश्न बाटलीत लावलेल्या मनी प्लांटचा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडता डास होण्यास साधारणपणे आठ-दहा दिवस पुरतात. आरोग्य विभागाकडून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्याचे आवाहन केले जाते, त्या दिवशी टाक्या व पिंपांबरोबर ही बाटली आणि कुंडीखालची ताटलीही रिकामी करावी, आतून घासून पुसावी आणि मगच नवे पाणी भरावे.