चाल उसनी, शब्द स्वतःचे



गाणाऱ्याची कारकीर्द गळ्यावर ठरते असं आपण धरून चालतो. टीव्हीवरच्या स्पर्धांनी तर ते पक्कंच करून टाकलंय. मला ते पटत नाही. गाणं टिकतं शब्दांवर, आणि तेही ऐकणाऱ्याच्या जगण्यातून उचललेल्या शब्दांवर. वामनदादा कर्डकांकडे बघा. १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्म, लहानपणी शाळा नाही, पुढे मुंबईत मिळेल ती मजुरी. अक्षरओळख झाली तीही तरुणपणी, आणि दुकानांच्या पाट्या वाचून वाचून ती पक्की केली. १९४३ मध्ये पहिलं गाणं रचलं, ते एका हिंदी चित्रपटगीताचं विडंबन. त्यानंतर बाबासाहेब आंबेडकरांचा विचार वस्तीवस्तीत पोचवण्यासाठी हा माणूस स्वतः लिहीत, स्वतः गात आयुष्यभर फिरत राहिला. पाट्या वाचून शिकलेले हे वामनदादा १९९३ साली वर्ध्याच्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

कोणी म्हणेल, चाली तर पुष्कळदा सिनेमाच्या, मग त्यांचं स्वतःचं काय? पण समोर बसलेल्यांतले कितीतरी जण निरक्षर होते. चाल ओळखीची असली की कान थेट शब्दांकडे जातो, आणि सभा उठेपर्यंत ध्रुपद तोंडात बसलेलं असतं. अमेरिकेत लोकगायक वुडी गथ्रीनेही कार्टर कुटुंब या गायकसंचाच्या चाली घेऊन त्यांत आपले शब्द भरले. लांब कशाला, आपल्याकडे हळदीत लग्नगीतं गाणारी धवलारीण जुन्याच चालीत नव्या नवरा-नवरीची नावं गुंफते. तिला कोणी चोर म्हणत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हा प्रचार झाला, कला कुठे? प्रचाराची पुष्कळ गाणी सभेबरोबरच विरतात, हे मला मान्य आहे. पण वामनदादा नुसती घोषणा देत नाहीत, हिशेब मागतात. उद्योगपतींची नावं घेऊन देशाच्या धनातला आपला हिस्सा विचारणारं त्यांचं गाणं तारापूरच्या एमआयडीसीत पाळी करणाऱ्या कामगाराला आजही समजावून सांगावं लागणार नाही. हे सुचायला ऐकणाऱ्यांच्यातच राहावं लागतं, आणि ते ज्याला साधलं त्याच्या गाण्याला मी बिनदिक्कत कला म्हणेन.

राहिला पैशाचा प्रश्न. तो तुम्हा विद्यार्थ्यांच्या पालकांच्या मनात असणारच, आणि तो रास्त आहे. वामनदादांच्या वाट्याला लोकांचं प्रेम भरपूर आलं, पैसा नाही. त्या गरिबीचे गोडवे मी गाणार नाही. त्यांची गाणी गावोगावच्या गायनपार्ट्यांनी उचलली. शेवटच्या कडव्यात ते अभंगकारांसारखं ‘वामन’ हे नाव ओवत, म्हणून रचना कोणाची हे तरी कळायचं. नाव गाळलं तर ओळच लंगडी पडते. पण नावाने चूल पेटत नाही. सिनेमात आणि रेकॉर्डवर गेलेल्या गाण्याच्या रॉयल्टीतला गीतकाराचा वाटा त्याच्याकडून लिहून घेता येऊ नये, अशी दुरुस्ती कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झाली. वामनदादा २००४ मध्येच गेले होते. तुमच्यापैकी जे लिहितात, त्यांनी कोणत्याही कागदावर सही करण्याआधी ही दुरुस्ती वाचून घ्यावी.