काट्यामागचे शास्त्र



माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, जुनी पुस्तके चाळून. तेव्हा कॉलेजातल्या विषयावर मी बोलावे हा आगाऊपणाच. पण जे आपल्याला मिळाले नाही त्याची किंमत माणसाला अधिक कळते, एवढाच माझा अधिकार.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाप्रमाणे पदवीच्या विद्यार्थ्याला मुख्य विषयासोबत ‘मायनर’, म्हणजे एक जोडविषय घेता येतो. उपयोजित पदार्थविज्ञान व इलेक्ट्रॉनिक्स हा त्यांतलाच. परवा एक गृहस्थ मला म्हणाले, “भाऊ, पोरगी गणित शिकते, तिला हे लटांबर कशाला?” त्यांना सांगितली तीच हकीकत आपल्याला सांगतो.

आपल्या जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये सरकीची पोती वाहणाऱ्या हमालांची मजुरी वजनावर ठरे. त्यांची तक्रार अशी, की तेच पोते इलेक्ट्रॉनिक काट्यावर कधी पुरे भरते, कधी कमी. मी मालकाला चोर ठरवून दारात सभा घेतली. मालकाने काटा तपासल्याचा दाखला पुढे केला. आम्ही गप्प झालो.

तेव्हा एका हमालाची मुलगी पुढे आली. तिचा जोडविषय हाच. तिने २० किलोचे प्रमाणित वजन मागितले आणि काट्याच्या चारही कोपऱ्यांवर आळीपाळीने ठेवले. तीन कोपऱ्यांवर आकडा बरोबर, चौथ्यावर कमी!

कारणही तिनेच समजावले. काट्याच्या पाटाखाली चार कोपऱ्यांना धातूचे ठोकळे असतात; त्यांना लोडसेल म्हणतात. भार पडला की ठोकळा केसभराहूनही कमी वाकतो. त्यावर चिकटवलेली पातळ धातूची रेघ ताणली जाते, आणि लांब व बारीक झाल्यामुळे तिचा विद्युत्‌रोध वाढतो. ही वाढ फार सूक्ष्म. ती पकडण्यासाठी चार रोधांची जी जोडणी करतात, ती व्हीटस्टन यांनी १८४३ साली प्रसिद्धीस आणली. तिच्यातून निघालेले व्होल्टचे काही सहस्रांश वाढवून त्यांचा आकडा बनवतात. आमच्या काट्यात एका कोपऱ्याच्या तारजोडणीत ओल शिरली होती.

मालक चोर नव्हता. मजुरी मात्र खरोखरच बुडत होती. मी ओरडलो, पण मोजले नाही. काटा दुरुस्त झाला, आणि रोज सकाळी चारही कोपरे तपासण्याचे ठरले.

ऑक्टोबर १९३७ मध्ये याच वर्धा शहरात गांधीजींनी शिक्षणपरिषद भरवून हाताच्या कामातून ज्ञान द्यावे, असा आग्रह धरला. तेव्हा तकली होती; आज डाग देण्याची इस्त्री आणि मल्टिमीटर आहे. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला किमान ३० तास ठरलेले आहेत. ते तास नुसती वही उतरवण्यात गेले, तर हमालाच्या मुलीला काटा कधीच कळणार नाही. म्हणून पालकांनो, कॉलेजात प्रवेश घेताना फी विचारा, तशी प्रयोगशाळाही उघडून पाहा.