चाऱ्याची वही आणि रोगाची वही
(समितीच्या वार्षिक सभेत एका वकील सभासदांनी केलेले भाषण)



समितीचा अहवाल व जमाखर्च चिटणीसांनी आपल्यापुढे वाचून दाखविलाच आहे. कडबा किती आला, पेंड किती लागली, पाण्याच्या खेपा किती झाल्या, हे सर्व त्यात पैन्‌पैनिशी नमूद आहे. मी पेशाने वकील. गुरांच्या वैद्यकाचा मला गंध नाही. तथापि एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधण्याची अनुज्ञा मी अध्यक्षांपाशी मागितली, कारण त्या गोष्टीच्या अज्ञानामुळे माझ्या हातून एकदा अन्याय घडलेला आहे. प्रश्न एवढाच आहे : छावणीत रोगराई जास्त आहे किंवा कमी आहे, हे आपण कशावरून ठरवितो?

2019 सालच्या उन्हाळ्यात आपल्या दोन छावण्या चालू होत्या. हंगाम संपल्यावर हिशेब पाहता एका छावणीत दुसरीपेक्षा पुष्कळच अधिक जनावरे दगावल्याचे आढळले. त्या छावणीच्या व्यवस्थापकांविषयी नापसंती व्यक्त करणारा ठराव मीच लिहिला व मीच मांडला. ते गृहस्थ सभेत हजर होते. एक अक्षर न बोलता ऐकून घेऊन निघून गेले. पुढे चार दिवसांनी चाऱ्याचा हिशेब ठेवणारे आमचे वयोवृद्ध गुरुजी आपली वही घेऊन माझ्या घरी आले आणि म्हणाले, “वकीलसाहेब, मेलेली जनावरे आपण मोजलीत, जगलेली कोणी मोजली?”

गुरुजींचे म्हणणे मी एका कल्पित उदाहरणाने सांगतो. आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. समजा, पहिल्या छावणीत 1200 जनावरे 60 दिवस राहिली व त्यांपैकी 24 दगावली. दुसरीत 300 जनावरे 40 दिवस राहिली व 10 दगावली. वरवर पाहणारा पहिल्या छावणीसच दोष देईल. परंतु एक जनावर एक दिवस राहिले म्हणजे एक ‘पशुदिन’ झाला असे धरा. पहिलीचे पशुदिन 72,000 व दुसरीचे 12,000 होतात. म्हणजे पहिलीत दर 3000 पशुदिनांस एक मृत्यू, तर दुसरीत दर 1200 पशुदिनांसच एक. 1000 जनावरे महिनाभर ठेवली असती तर पहिलीत सुमारे 10 गेली असती, दुसरीत सुमारे 25. जिला आपण शाबासकी दिली, तिच्यातच हानी अडीचपट!

आमच्या बाबतीत नेमके असेच घडले होते. ठराव मागे घेण्यात आला व मी त्या गृहस्थांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्यांनी ती केलीही. परंतु त्यानंतर छावणीचे काम अंगावर घेण्यास ते कधीही आले नाहीत. एक उत्तम माणूस आपण एका अपुऱ्या भागाकारामुळे गमावला.

या भागाकारातील दुसरे एक मर्म माझ्या धंद्यातील दृष्टांताने सांगतो. न्यायालयात तुंबलेले दावे किती, हा एक प्रश्न. आणि या महिन्यात नवे दावे किती दाखल झाले, हा निराळा प्रश्न. नवे दावे थोडे असूनही निकाल मंदगतीने लागत असतील तर तुंबारा मोठा दिसतो. रोगाचेही तसेच आहे. आज गोठ्यात आजारी जनावरे किती, ही झाली रोगाची व्याप्ती. या आठवड्यात धडधाकट जनावरांपैकी नव्याने किती आजारी पडली, हे झाले नव्या लागणीचे प्रमाण. घटसर्पासारखा रोग जनावरास एकदोन दिवसांत नेतो. रविवारी पाहणी केली तर एकही रोगी दिसणार नाही, आणि आठवड्यात दावणी मात्र रिकाम्या झालेल्या असतील. उलट लम्पी चर्मरोगाने पीडित जनावर दिवसेंदिवस खंगत राहते. ते प्रत्येक पाहणीत पुन:पुन्हा दिसते व रोग वाढल्याचा भास होतो. उत्तम शुश्रूषेने आजारी गुरे जगली तर तुंबारा वाढतो. म्हणून शुश्रूषेस दोष द्यावा काय? रोग पसरतो आहे की ओसरतो आहे, हे नव्या लागणीवरूनच कळते.

ही मोजणी निव्वळ पंडिती करमणूक नव्हे. 1865 च्या उन्हाळ्यात लंडनच्या गुरांच्या बाजारात बुळकांडी शिरली आणि पाहता पाहता ब्रिटनभर पसरली. 1866 च्या प्रारंभी सर्वत्र हाहाकार होता. पार्लमेंटात सर्वनाशाची भाकिते ऐकू येत होती. त्या वेळी विल्यम फार या आकडेशास्त्रज्ञाने फेब्रुवारीत एका वृत्तपत्रास पत्र लिहिले. दर चार आठवड्यांतील नवी लागण त्याने मांडली : 9,597, 18,817, 33,835, 47,191. आकडे वाढतच होते, हे खरे. परंतु फारने वाढीचा वेग पाहिला. पहिल्या खेपेस वाढ जवळजवळ दुप्पट, दुसऱ्या खेपेस पावणेदोनपटीहून किंचित अधिक, तिसऱ्या खेपेस दीडपटीहूनही कमी. जोर ओसरू लागला आहे, साथ लवकरच शिखर गाठून उतरेल, असे त्याने सांगितले. आणि 1866 मध्ये ती उतरली. त्याच फेब्रुवारीत रोगी गुरे मारण्याचा कायदाही झाला होता, तेव्हा सारे श्रेय गणितास देता येणार नाही. तथापि भयाने अंध झालेल्या देशात एका माणसास पुढचे दिसले, ते नव्या लागणीची नोंद हाती होती म्हणूनच.

दुष्काळ व गुरांची साथ यांचे नाते तर सर्वश्रुत आहे. 1888 च्या सुमारास हीच बुळकांडी इथिओपियात पोहोचली. बैल मेले, नांगर थांबले आणि त्या देशाच्या इतिहासातील महाभयंकर दुष्काळ पडला. आपल्या देशातही तिचा धाक इतका होता की 1871 साली हॅलन यांच्या आयोगाने भारतातील गुरांच्या साथींवर अहवाल सादर केला, आणि 1889 साली आपल्या पुण्यातच गुरांच्या रोगांच्या संशोधनासाठी प्रयोगशाळा निघाली. ती पुढे 1893 मध्ये मुक्तेश्वरास नेण्यात आली.

स्वातंत्र्यानंतर 1954 पासून देशभर लसीची मोहीम चालली. रोग पुष्कळ हटला, परंतु समूळ गेला नाही. 1992 मध्ये नव्याने मोहीम आखण्यात आली. लस टोचण्याबरोबर गावोगाव फिरून रोग शोधण्यावर तीत भर होता. पुढे तर एक धाडसाचे पाऊल उचलावे लागले : लस टोचणे थांबविले गेले! कारण लस टोचलेल्या जनावराचे रक्त आणि रोग होऊन वाचलेल्या जनावराचे रक्त, दोन्ही चाचणीत सारखीच साक्ष देतात. लस थांबल्यावर जन्मलेल्या वासरांच्या रक्तात खूण सापडली तरच रोग कोठे लपला आहे हे कळणार. 1995 नंतर भारतात बुळकांडीचा उद्रेक झाला नाही. 2006 साली भारत या रोगाच्या संसर्गापासून मुक्त ठरला, आणि 2011 साली सारे जग. माणसाने समूळ नष्ट केलेला जनावरांचा हा पहिला रोग. लसीने तो मारला. परंतु तो मेला हे सिद्ध झाले मोजणीने.

येथे एक सावधगिरीची सूचना. “आमच्याकडे रोग नाही” हे वाक्य मी अनेक अहवालांत वाचले आहे, आणि एकदा स्वत: लिहिलेही आहे. तक्रार आली नाही, एवढ्यावरून आरोपी निर्दोष ठरत नाही. 300 जनावरे कसलीही निवड न करता तपासली आणि एकही रोगी निघाले नाही, तर शास्त्र इतकेच म्हणू देते की रोग बहुधा शेकडा एकाहून कमी आहे. ‘मुळीच नाही’ असे म्हणू देत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण हंडीतील भात सर्वत्र सारखाच शिजतो. रोग तसा शिजत नाही. तो एका दावणीत धुमसतो व शेजारची दावण सोडतो. म्हणून दहा शिते एकाच कोपऱ्यातून घेऊन भागत नाही.

आता कायद्याविषयी दोन शब्द बोलणे मला प्राप्त आहे. प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांसंबंधीच्या 2009 च्या केंद्रीय कायद्यान्वये अनुसूचीतील रोगाचा संशय येताच तो कळविणे व रोगी जनावर वेगळे बांधणे हे मालकाचे, आणि जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याचेही, कर्तव्य आहे. छावणीत ते ताब्यात कोणाच्या आहे? आपल्या! तेव्हा रोगाची नोंद ठेवणे ही आपली केवळ हौस नव्हे.

परंतु, सभ्यजनहो, कायद्याने वही भरत नाही. ती विश्वासाने भरते. त्याच 2019 सालची गोष्ट. एका सायंकाळी छावणीच्या अगदी मागच्या बाजूस एक म्हातारी बाई आपल्या गाईवर गोधडी पांघरून बसलेली मला दिसली. गाईच्या तोंडातून लाळ गळत होती, ती खूर टेकू शकत नव्हती. मी विचारले, “आजी, डॉक्टरांना का सांगितले नाहीत?” ती म्हणाली, “सांगितलं तर हाकलून द्याल, दादा. मग हिला चारा कुठला?” कोणी तसे हाकलले नव्हते, परंतु हाकलतात अशी बोलवा छावणीभर होती. त्या गोधडीखाली एक गाय होती आणि छावणीभर पसरू शकणारी लाळ्या-खुरकुतही होती. ज्या छावणीत रोगी जनावरास शिक्षा मिळते, तेथील वहीत रोग कधीच सापडत नाही. आणि ज्या छावणीची वही कोरी, तिलाच आपण उत्तम म्हणून गौरवितो!

यास्तव माझी समितीस सूचना व आपणां सर्वांस विनंती अशी आहे. भागाकाराचा खालचा आकडा आपल्यापाशी आयताच आहे, कारण चाऱ्याच्या वहीत रोजची हजेरी जनावरागणिक लिहिली जाते. तिच्या शेजारी दुसरी एक वही असावी. तीत जनावराच्या कानातील बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक, ते आजारी पडल्याचा दिवस, लक्षणे, डॉक्टरांचे मत, आणि शेवट काय झाला, एवढे पाच रकाने पुरेत. दर शनिवारी दोन्ही वह्या समोरासमोर ठेवून नव्या लागणीचे प्रमाण काढावे व ते फलकावर लावावे. आकडा एकाएकी चढला की त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. जनावरे मरण्याची वाट पाहू नये.

आणि या वहीस प्राण यावा म्हणून प्रत्येक छावणीत रोगी जनावरांसाठी निराळा गोठा हवा. त्यात सावली तीच, पाणी तेच, आणि चारा इतरांइतकाच, किंबहुना मऊ व हिरवा, मिळाला पाहिजे. आजार सांगणाऱ्याचे काही जात नाही, उलट त्याच्या जनावराची अधिक निगा राहते, हे छावणीतील शेवटच्या माणसास दिसले पाहिजे. चाऱ्यासाठी आपण उदारपणे दिले आहेच. आता थोडे या गोठ्याच्या पत्र्यांसाठी, थोडे वही लिहिणाऱ्याच्या मानधनासाठी, आणि थोडे दवाखान्याच्या मदतीने गुरे छावणीत येतानाच लस टोचून घेण्याच्या सोयीसाठी द्यावे. रक्कम लहान असली तरी संकोच करू नये. एका पत्र्याखालीही एक गाय उभी राहते.

गुरुजी आज आपल्यात नाहीत. त्यांची ती चाऱ्याची वही मी जपून ठेवली आहे आणि आज येथे आणलीही आहे. ती मी चिटणीसांच्या स्वाधीन करतो. तिच्या जोडीची दुसरी वही आपण उघडावी, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.