टायर नवा दिसतो, पण तो नवा आहे का? : कॅम्परव्हॅनची चाकं आणि त्यांचे व्हॉल्व्ह

हेडफोन लावून ऐकत असाल तर उत्तम, आणि लोकलच्या गर्दीत नुसतं वाचत असाल तरी स्वागत आहे.

मागच्या भागात आपण गाडीच्या छतावरच्या सोलर पॅनलबद्दल बोललो. भरपूर मेसेज आले. फ्रिज किती वेळ चालतो, पंखा किती वेळ चालतो, लॅपटॉपचं काय. टायरबद्दल मात्र एकानेही विचारलं नाही. २०२१ मध्ये आपल्या राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून जुनी मिनीबस घेऊन तिचं घर करायचा विचार बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे. माझ्याही होता. म्हणून आज थोडं माझ्याच चुकीबद्दल सांगते.

आमची गाडी म्हणजे सहा चाकांची जुनी मिनीबस. पुढे दोन चाकं, मागे दोन्ही बाजूंना जोडचाकं. आत दोन बेड, छोटा ओटा, १०० लिटरची पाण्याची टाकी. गाडी घेताना विकणारा म्हणाला, "ताई, टायर बघा, नवेकोरे आहेत." मी बघितले. नक्षी खरंच खोल होती. खूश झाले.

२०२२ ची दिवाळी. आई-बाबांना घेऊन पुण्याहून कोल्हापूरला निघालो. मी चालवत होते. खंबाटकी उतरून सुरूर फाट्याच्या पुढे आलो आणि मागून धाडकन आवाज झाला. गाडी डावीकडे ओढायला लागली. नशिबाने मी ब्रेकवर उभी राहिले नाही. स्टिअरिंग घट्ट धरलं, ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढला आणि गाडीला तिच्या चालीने कडेला थांबू दिलं. वेग सत्तरच्या आसपास होता, रस्ता सरळ होता. हेच घाटात झालं असतं तर, हा विचार मी अजूनही टाळते. आईच्या हातात चिवड्याचा डबा होता. तिने तो शेवटपर्यंत सोडला नाही, पण नंतर तासभर ती काही बोललीही नाही.

खाली उतरून बघितलं तर मागच्या डाव्या बाजूच्या बाहेरच्या टायरच्या चिंध्या झालेल्या. आणि आतला टायर? तो पूर्ण बसलेला. फुटलेला नव्हता, नुसता बसलेला.

पंक्चरवाले काका आले. त्यांनी आतल्या चाकाकडे बघितलं आणि म्हणाले, "ताई, बाहेरचा आज फुटला. आतला मेला त्याला बरेच दिवस झाले."

झालं असं होतं. आतल्या चाकाच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोचत नाही, म्हणून त्याला एक लवचिक नळी जोडून तिचं तोंड बाहेर आणलेलं होतं. बाहेरच्या टोकाची क्लिप तुटली होती. चाक फिरताना ती नळी सतत हलत राहिली, जोड सैल झाला आणि हवा हळूहळू निघून गेली. दोघांचं ओझं एकट्या बाहेरच्या टायरवर आलं. ओझं जास्त की टायर जास्त दबतो, जास्त दबला की जास्त तापतो, आणि तापलेला टायर एक दिवस हार मानतो. मी मात्र दर वेळी निघताना बाहेरच्या टायरला लाथ मारून "ठीक आहे" म्हणत होते.

मग काकांनी टायरवरचा आकडा वाचून दाखवला. २३१३. म्हणजे २०१३ सालचा २३वा आठवडा. नवाकोरा दिसणारा टायर ९ वर्षांचा होता! नक्षी शाबूत होती, कारण गाडी चाललीच नव्हती. उभी होती.

आजच्या भागातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. रोजच्या कारचा टायर झिजून जातो. कॅम्परव्हॅनचा टायर म्हातारा होऊन जातो, आणि म्हातारपण नक्षीत दिसत नाही.

वय कसं बघायचं

टायरच्या कडेवर 'डीओटी' अशी अक्षरं असतात, त्या ओळीचे शेवटचे ४ आकडे शोधा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. कधी कधी पूर्ण आकडा टायरच्या एकाच बाजूला असतो आणि ती बाजू नेमकी आत गेलेली असते. मग गाडीखाली मोबाइल धरायचा, फ्लॅश लावायचा, फोटो काढायचा. सहाही चाकांचे फोटो एका अल्बममध्ये ठेवा. मिशलिनसारखी कंपनी सांगते की ५ वर्षं वापरल्यानंतर टायर दरवर्षी जाणकाराला दाखवा, आणि बनवल्यापासून १० वर्षं झाली की कितीही तुकतुकीत दिसला तरी बदला. दहा ही शेवटची हद्द आहे. आपल्या उन्हात गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर मी तिथपर्यंत जाणार नाही.

उभा टायर लवकर का म्हातारा होतो? रबरामध्ये त्याचं रक्षण करणारी मेणासारखी द्रव्यं मिसळलेली असतात. टायर फिरतो, दबतो, तेव्हा ती पृष्ठभागावर येत राहतात. गाडी उभी राहिली की हे थांबतं, आणि ऊन व हवेतला ओझोन आपलं काम करत राहतात. म्हणून महिन्यातून एकदा तरी गाडी वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणा. उभी असताना चाकांवर कापड टाका. आणि ते चकचकीत करणारं तेलकट टायर पॉलिश वापरू नका. पेट्रोलियमवालं पॉलिश रबराचं नुकसानच करतं.

वजन आणि हवा

हवा किती भरायची, हे वजनावर ठरतं. आणि आपल्या गाडीचं वजन आपल्याला माहीत नसतं! १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. त्यात बॅटऱ्या, सिलिंडर, प्लायवूड, माणसं. प्रवासाला निघतो तशी भरलेली गाडी वजनकाट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग फक्त मागची. जमलं तर डावी-उजवी बाजूही वेगळी बघा. आमच्या गाडीत टाकी आणि ओटा दोन्ही डावीकडे होते, म्हणजे डावी बाजू जड. कुठली बाजू फुटली ते आठवतंय ना? मग टायर कंपनीच्या तक्त्यात त्या वजनाला किती हवा हवी ते बघायचं.

हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजा. टायर थंड असताना. ६५ पीएसआयच्या टायरमध्ये १० अंश तापमान बदललं की साधारण अडीच-तीन पीएसआयचा फरक पडतो. म्हणून चालून तापलेल्या टायरची "जास्त झाली" म्हणून हवा सोडू नका. थंड झाल्यावर ती कमी भरेल.

जोडचाकांत दोन्ही टायर एकाच मापाचे, सारखे झिजलेले आणि सारख्या हवेचे हवेत. नाहीतर एक राबतो आणि दुसरा मिरवतो. ट्रकवाले टॉमीने टायर ठोकून आवाज ऐकतात ना, त्याने पूर्ण बसलेला टायर कळतो. पण दहा-पंधरा पीएसआय कमी असलेला कळत नाही. त्याला गेजच लागतो.

आता व्हॉल्व्ह

१८९३ मध्ये पेटंट झालेला हा श्रेडर व्हॉल्व्ह आजही जवळपास तसाच आहे. दांडी, आत स्प्रिंगवाली पिन, वर टोपी. सगळ्यात स्वस्त भाग, आणि सगळी हवा त्याच्या भरवशावर.

पहिली गोष्ट. कारच्या ट्यूबलेस चाकात जो साधा रबरी व्हॉल्व्ह ठोकून बसवतात, तो ६५ पीएसआयपर्यंतच्या हवेसाठी असतो. जड गाडीला त्याहून जास्त हवा लागत असेल तर नटने आवळायचा धातूचा व्हॉल्व्ह घ्या, किंवा निदान जास्त दाबासाठीच बनवलेला रबरी.

दुसरी. टायर नवा तर व्हॉल्व्हही नवा. "जुना चांगला आहे" असं दुकानदार म्हणाला तरी ऐकू नका. रबरी दांडी बोटाने हळूच वाकवून तिच्या मुळाशी बघा. बारीक भेगा दिसल्या तर आजच बदला. साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला तर चोर सापडला.

तिसरी. हवा मोबाइलवर दाखवणारे सेन्सर येतात, व्हॉल्व्हच्या टोकावर फिरवून बसवायचे. चांगले आहेत, मीही लावलेत. पण चाक फिरताना ते टोकावरचं वजन रबरी दांडीला सतत बाहेर ओढतं. म्हणून सेन्सर लावायचा तर खाली धातूचा व्हॉल्व्ह हवा. आणि कोकणातल्या खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमच्या दांडीवर पितळी टोपी बसवू नका. दोन धातू एकमेकांना असे चिकटतात की टोपी काढताना दांडीच तुटते.

चौथी, माझ्या चुकीची. आतल्या चाकाला लोंबती नळी नको. लांब, वळवलेला, एकसंध धातूचा व्हॉल्व्ह बसवून घ्या. जितके जोड कमी, तितक्या गळायच्या जागा कमी. नळी लावलीच असेल तर तिचं टोक पक्कं बांधलेलं आहे का, हे दर प्रवासाआधी हाताने हलवून बघा. जोडचाकं बसवताना दोन्ही व्हॉल्व्ह समोरासमोर, अर्ध्या फेऱ्यावर येतील असं सांगा, म्हणजे दोन्हीपर्यंत हात पोचतो.

आणि टोपी हरवू देऊ नका. आत रबरी वॉशर असलेली टोपी म्हणजे धूळ रोखणारं झाकण आणि दुसरी कडी.

शेवटचं. चाक काढून बसवलं की ५० ते १०० किलोमीटरवर थांबून नट पुन्हा आवळून घ्या.

त्या दिवशी दोन टायर गेले आणि स्टेपनी एकच. साताऱ्याहून दुसरा टायर येईपर्यंत चार तास आम्ही रस्त्याकडेला बसलो होतो. आईने शेवटी चिवड्याचा डबा उघडला, काकांनाही दिला. आता कुठेही निघायचं म्हटलं की ती आधी विचारते, "आतल्या चाकाची हवा बघितलीस का गं?"

तेव्हा आजचा गृहपाठ सोपा आहे. एपिसोड संपला की खाली पार्किंगमध्ये जा आणि एका टायरचे ते ४ आकडे वाचा. कॅम्परव्हॅन नसेल तर बाबांच्या कारचे वाचा. काय निघालं ते मला कळवा.

भेटू पुढच्या भागात. सांभाळून चालवा!